बडोदे राज्याचा कारभार: हुजूर, दिवाण आणि धारासभा

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांमध्ये पणजोबांच्या नावाची एखादी सनद, नेमणुकीचा हुकूम किंवा पेन्शनचा कागद जपून ठेवलेला असतो. त्यावर ‘सुबा’, ‘वहिवाटदार’, ‘हुजूर हुकूम’ असे शब्द दिसतात आणि पुढच्या पिढीला त्यांचा अर्थ लागत नाही. हे शब्द ज्या राज्यव्यवस्थेतले, तिची ही ओळख.

राज्य केवढे होते?

सुमारे 8 हजार चौरस मैल, आणि 1931 च्या शिरगणतीत सुमारे 24 लाख वस्ती. पण हा सलग मुलूख नव्हता. बडोदे, कडी (पुढे मेहसाणा), नवसारी आणि अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले होते आणि मध्ये ब्रिटिश हद्द किंवा दुसरी संस्थाने होती. द्वारकेकडचे ओखामंडळ तर अगदी टोकाला. रेल्वेने एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना वाटेत परक्या राज्यांची हद्द ओलांडावी लागे.

राजा किती मोकळा होता?

पिलाजीराव आणि दमाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकात मिळवलेले हे राज्य 1802 पासून कंपनी सरकारशी तहाने बांधले गेले. त्या वेळी आनंदराव गादीवर होते. थकलेल्या पगारापायी राज्याच्या अरब शिबंदीने शहर आणि खुद्द महाराजांना ताब्यात ठेवले होते. कंपनीच्या फौजेने वेढा घालून शिबंदीला बाहेर काढले, देणी भागवली आणि त्या मदतीचा मोबदला म्हणून राज्यात पाय रोवले. 1805 आणि 1817 च्या तहांनी बाहेरच्या राज्यांशी परस्पर बोलणी करण्याचा हक्क गेला, तैनाती फौज आली, तिच्या खर्चासाठी मुलूख गेला. अंतर्गत कारभार मात्र महाराजांकडे राहिला. कागदावर तरी.

कारण 1875 साली हा ‘अंतर्गत’ शब्द किती पातळ आहे ते दिसले. रेसिडेंट कर्नल फेयर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप मल्हारराव महाराजांवर आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज होते, तर हिंदी सभासद म्हणून ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सभासदांना नाही. तरीही गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलेच. चांगला असो वा वाईट, राजा कोणी ठरवायचा याचे उत्तर त्या दिवशी मिळाले.

आज आपली कितीतरी मुले नोकरीनिमित्त आखातात आहेत. तिथल्या छोट्या राजेशाह्यांचा इतिहास याच मुशीतला आहे. कुवेतने 1899 मध्ये आणि कतारने 1916 मध्ये इंग्रजांशी असेच करार केले. आखातातला इंग्रज रेसिडेंटही त्या काळी हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली काम करी. फरक इतकाच की ती राज्ये पुढे स्वतंत्र देश झाली.

कागद कसा वर जाई

मल्हाररावांनंतर महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याहून आलेल्या मुलाला दत्तक घेतले. तेच तिसरे सयाजीराव. ते लहान असताना दिवाण टी. माधवरावांनी कारभार नव्याने उभा केला. माधवराव कुंभकोणमचे, तंजावरी मराठी घराण्यातले. म्हणजे दक्षिणेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने गुजरातेतल्या मराठी राज्याची घडी बसवली. बालमहाराजांसाठी त्यांनी दिलेली राज्यशास्त्रावरील व्याख्याने ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. डिसेंबर 1881 मध्ये सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

गावात पाटील आणि तलाटी. त्यांच्यावर महालाचा वहिवाटदार, म्हणजे आजच्या भाषेत मामलेदार. प्रांताचा प्रमुख सुबा, म्हणजे कलेक्टर. सर्व सुब्यांवर महसुलाचा सरसुबा. त्याच्यावर दिवाण आणि खात्यांच्या मंत्र्यांचे कार्यकारी मंडळ. सर्वांच्या वर हुजूर, म्हणजे स्वतः महाराज. महाराज वरचेवर विलायतेला असत, तेव्हा मंडळ ठरलेल्या मर्यादेत निर्णय घेई आणि मोठी प्रकरणे त्यांच्याकडे पाठवली जात. ‘हुजूर हुकूम’ असा शेरा असलेला कागद म्हणजे त्या शेवटच्या पायरीवर पोचलेला कागद. राजवाड्याचा खर्च व नोकरचाकर यांचे ‘खानगी’ खाते वेगळे होते. कागदावर खानगी लिहिले असेल तर पणजोबा वाड्याच्या नोकरीत होते असे समजावे.

न्यायाची उतरंड निराळी होती. तिच्या वरच्या टोकाला वरिष्ठ कोर्ट, आणि त्यावरचे अपील हुजुरांकडेच; इथला दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात जात नसे. रेल्वेची जमीन आणि छावणी यांवर मात्र ब्रिटिश अंमल होता.

धारासभा

1908 मध्ये धारासभा स्थापन झाली. तिच्यात सरकारी अधिकारी, नेमलेले आणि निवडलेले असे सभासद होते. त्यांना प्रश्न विचारता येत, मसुद्यांवर चर्चा करता येई, पण अखेरचा शब्द महाराजांचा आणि सभेला वगळूनही कायदा करण्याचा अधिकार त्यांच्याकडे. आजच्या अर्थाने ती विधानसभा नव्हे, सल्लागार सभाच.

इथे एक अवघड गोष्ट सरळ मांडायला हवी. बडोद्याचे उत्तम कायदे बहुतेक वरून आले. 1906 चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, 1904 चा बालविवाह प्रतिबंध, 1931 चा हिंदू घटस्फोटाचा कायदा, हे मतदानाला टाकले असते तर त्या काळी मंजूर झाले असते का, याची शंका आहे. पण म्हणून प्रजेची जबाबदार राज्यपद्धतीची मागणी चुकीची ठरत नाही. प्रजामंडळाने ती लावून धरली, आणि त्यात आपल्या समाजाची कुचंबणा झाली. दरबारी नोकऱ्यांत मराठी माणसे ठळक होती, प्रजा मुख्यतः गुजराती. जानेवारी 1939 मध्ये सरदार पटेल बडोद्यात आले तेव्हा हा तणाव दंगलीपर्यंत गेला. आपल्या आठवणींत सयाजीरावांची कीर्ती भरपूर असते, हे पान सहसा नसते.

पुढच्याच महिन्यात, 6 फेब्रुवारीला, सयाजीराव वारले. प्रतापसिंहरावांच्या काळात 1940 मध्ये धारासभेत निवडलेल्या सभासदांचे बहुमत झाले, आणि घटना समितीत सामील होण्याचा निर्णय घेण्यातही बडोदे आघाडीवर होते. 1948 मध्ये डॉ. जीवराज मेहता दिवाण झाले. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. 1 मे 1949 रोजी राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. कोठीच्या इमारतीत पुढे जिल्हा कलेक्टरांची कचेरी आली.

घरच्या कागदांचा उलगडा करायचा असेल तर राज्याच्या कारभारासाठी 1931 मध्ये निघालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषी शब्दकोश फार उपयोगी पडतो. जुने कागद पुष्कळदा मोडीत असतात. ते उलगडताना घड्या फाटू देऊ नका, आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. आधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.