कॉफीवरचा तांबेरा आणि सिलोनचा चहा

इंग्रज माणूस कॉफी सोडून चहाकडे वळला तो सिलोनमधल्या एका बुरशीमुळे, ही गोष्ट अधूनमधून फिरत असते. ती खरी नव्हे. ब्रिटनने १७८४ साली चहावरील कर सुमारे ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा सामान्य घरांतही रुळला. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, कॉफीवर रोग पडला तो त्यानंतर ८५ वर्षांनी. त्या बुरशीने खरोखर काय बदलले, हे पाहण्यासाठी लंडन सोडून कँडीच्या डोंगरांत जावे लागते.

१८७० च्या सुमारास सिलोन जगातील अग्रगण्य कॉफी उत्पादकांपैकी एक होते. मळे गोऱ्यांचे, मजूर दक्षिण भारतातले तमिळ. त्यांना आणणारा 'कंगाणी' म्हणजे उचल देऊन टोळी बांधणारा मुकादम. ऊसतोडीची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. समुद्र ओलांडून मन्नारला उतरायचे आणि तेथून जंगलातून कित्येक दिवस पायी चालत डोंगर गाठायचा. पटकीने आणि तापाने वाटेतच अनेक जण मरत. जे उरत, ते कॉफीची तोडणी संपली की परत आपल्या गावी, भाताच्या शेतावर जात.

१८६९ साली कॉफीच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसू लागली. हा तांबेरा. गव्हावर पडतो त्याच कुळातला. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले हेमिलेया व्हॅस्टॅट्रिक्स. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'उजाड करणारी'. १८८० मध्ये तपासणीसाठी आलेला तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड याने कारण अचूक ओळखले. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर पसरत होते आणि मैलोन्‌मैल एकच पीक असल्याने त्यांना अडवणारे काहीच नव्हते. निदान बरोबर होते, पण मळे तोवर हातचे गेले होते. मळेवाल्यांनी सिंकोना लावून पाहिला, तर क्विनाइनचा भावच कोसळला. १८८४ मध्ये सिलोनच्या मळ्यांत पैसा गुंतवलेली ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन बुडाली. वाळलेल्या कॉफीची खोडे सोलून इंग्लंडला पाठवली गेली आणि तेथे त्यांचे चहाच्या टेबलांचे पाय झाले, असेही सांगतात.

चहाचा प्रयोग मात्र आधीच सुरू झाला होता. जेम्स टेलर या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्ये लूलकंदुरा मळ्यात १९ एकरांवर चहा लावला. पाने तो बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलावर हाताने मळून घेई आणि मातीच्या चुलीवर, कोळशाच्या आचेवर सुकवी. १८७५ मध्ये साऱ्या बेटावर चहाखाली जेमतेम हजारेक एकर जमीन होती. १८९५ पर्यंत ती तीन लाख एकरांवर गेली.

खरा बदल येथे घडला. कॉफीला मजूर लागत ते मुख्यतः हंगामात. चहाची कोवळी पाने मात्र दर आठ-दहा दिवसांनी, वर्षभर खुडावी लागतात. हंगामच संपत नसल्याने माणसे परतेनाशी झाली. कुटुंबेच्या कुटुंबे 'लाइन' म्हणवल्या जाणाऱ्या एकखोली चाळींत राहू लागली, बायका खुडणीला लागल्या, मुले तेथेच जन्मली आणि तेथेच मजूर झाली.

१९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाले आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने बापाचा किंवा आजोबा-पणजोबांचा जन्म बेटावर झाल्याचा पुरावा मागितला. मळ्यातल्या मजुराच्या बापाचा जन्मदाखला असणार कोठून? सात लाखांहून अधिक माणसे कोणत्याच देशाची उरली नाहीत. ज्यांच्या श्रमावर देशाची निर्यात उभी होती, त्यांनाच परके ठरवणारा हा कायदा होता. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला: ५,२५,००० भारताने घ्यायचे, ३,००,००० सिलोनने आणि उरलेल्या १,५०,००० जणांचे नंतर पाहायचे. ही वाटणी ज्यांची झाली, त्यांना कोणी विचारले नाही.

भारतात 'परत' आलेल्यांपैकी बहुतेकांनी भारत कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या पुनर्वसनासाठी तमिळनाडू सरकारने १९६८ मध्ये निलगिरीत मळे उभारायला सुरुवात केली, तेही चहाचेच. बेटावर राहिलेल्यांपैकी ज्यांना अजूनही कोणताच देश नव्हता, त्यांना श्रीलंकेने २००३ च्या कायद्याने नागरिकत्व दिले. अट एकच होती: स्वतः किंवा वाडवडील ३० ऑक्टोबर १९६४ पासून तेथे राहत असले पाहिजेत.