सोळा घरांतील अक्षर : चिन्हांच्या लघूकरणाचा एक अध्याय

मोठे चित्र लहान करणे ही निव्वळ यांत्रिक क्रिया होय, असा समज संगणकाच्या प्रसाराबरोबर रूढ झाला. माप सांगावे आणि यंत्राने चित्र त्या मापात आणून द्यावे. यात विचार करण्याजोगे काय उरते, असे सहजच वाटते. परंतु संकेतस्थळांवर व मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या छोट्या चिन्हांचा, म्हणजे आयकॉनांचा, इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही. या इतिहासाशी निगडित अशी दोन प्रकरणे मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पश्चिमेस जुहू येथे व पूर्वेस पवई येथे, घडली. आणि दोहोंचा संबंध देवनागरी लिपीशी आहे.

प्रश्न मुळात जुनाच आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळी पोलादी पंच हाताने कोरून त्यांवरून खिळे ओतीत. या पद्धतीत प्रत्येक मापासाठी अक्षर नव्याने कोरावे लागे. त्यामुळे बारीक टाइपातील अक्षर ही मोठ्या अक्षराची हुबेहूब प्रत नसे. पोकळी मोकळी राखणे, नाजूक रेघ किंचित जाड करणे, हे निर्णय कारागीर घेत असे. पुढे छायाचित्रणाने व नंतर संगणकाने एकाच आकृतीतून सर्व मापे निघू लागली, तेव्हा निर्णय घेणारा हा हातच बाजूला पडला.

पडद्यावर याचा परिणाम काय होतो, हे साध्या गणिताने कळते. पडदा बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे घरांचा, म्हणजे पिक्सेलांचा, बनलेला असतो. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकासाठी सुझन केअर यांनी ३२ × ३२ घरांत चिन्हे रेखाटली. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर संकेतस्थळांचे १६ × १६ घरांचे चिन्ह प्रचारात आले. आता ५१२ घरे रुंदीची चौरस आकृती १६ घरांवर आणली, तर मूळच्या १,०२४ घरांचे मिळून एक घर होते. मूळची २४ घरे जाडीची रेघ पाऊण घराची होते. पाऊण घर रंगवता येत नाही. म्हणून यंत्र सरासरी काढते आणि रेघ धूसर होते.

देवनागरीच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र आहे. शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार व अनुस्वार, खाली उकार, एवढे सर्व त्याच उंचीत बसवावे लागते. शिवाय काही अक्षरांतील भेद अत्यंत सूक्ष्म आहेत. ‘ध’ची शिरोरेषा खंडित, ‘घ’ची सलग, ती फट बुजली की ‘धन’ या शब्दाचे ‘घन’ होते. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघरच्या संगणकांवर पोचला, तो या पार्श्वभूमीवर. अशा फॉन्टमध्ये आकृतीबरोबरच लहान मापांसाठी सूचनाही अंतर्भूत करता येतात. कोणती रेघ कोणत्या घरावर बसावी, हे त्या ठरवितात. पंच कोरणाऱ्याचा निर्णय येथे सूचनेच्या रूपाने परत येतो.

दुसरे प्रकरण रुपयाच्या चिन्हाचे. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. तेथील संशोधक डी. उदय कुमार यांची आकृती १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडच्या ६.० आवृत्तीत तिला स्थान मिळाले. देवनागरी ‘र’ आणि उभ्या दांड्याविना रोमन ‘आर’ यांचा हा संयोग. त्याच्या माथ्यावर दोन समांतर रेषा. मोठ्या आकारात तो सुबोध आहे. परंतु दोन्ही रेषा व त्यांमधील अवकाश प्रत्येकी पाऊण घराचे झाले, तर तिन्ही मिळून सव्वादोन घरांचा एक करडा पट्टा उरतो आणि रुपयाचे चिन्ह जाड माथ्याचा ‘र’ होऊन बसते. यावर उपाय एकच. रेषेला एक, अवकाशाला एक, पुन्हा रेषेला एक, अशी तीन पूर्ण घरे द्यावयाची आणि खालचा भाग तेवढा आखडता घ्यावयाचा. प्रमाण बिघडते, पण चिन्ह वाचते.

भाषाशास्त्रात ध्वनीचे सर्व गुण सारख्या महत्त्वाचे मानीत नाहीत. जे अर्थभेदक असतात तेच जपावे लागतात. लघूकरणाचे तत्त्व हेच आहे. ‘ध’च्या माथ्यावरील फट आणि रुपयाच्या दोन रेषांमधील अवकाश हे अर्थभेदक होत, रेघेची नजाकत नव्हे. यंत्राची सरासरी हा भेद जाणत नाही.

लिपिसुधारणेच्या वादात मुद्रण व टंकलेखन यांच्या सोयीसाठी देवनागरीची अक्षरेच बदलावीत, असा आग्रह अनेकदा धरला गेला. आज पडदे अधिक दाट विणीचे झाले आहेत आणि जेथे पूर्वी एक घर होते तेथे चार वा अधिक घरे मिळतात. परंतु डोळा तोच आहे. लहान मापात अक्षर अस्पष्ट दिसले, तर दोष लिपीचा म्हणण्यापूर्वी ते अक्षर त्या मापासाठी कोणी रेखाटले होते काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. बहुधा ते केवळ आकसलेले असते.