सोनखताचा धडा

‘कळतं, पण वळत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो; का वळत नाही, हे शोधण्याचे कष्ट मात्र कोणी फारसे घेत नाही. आरोग्याचेच पाहा. उघड्यावर शौचास बसू नका, घाण पाण्यात उतरते, हगवण, पटकी, विषमज्वर होतो, अनवाणी पायांतून अंकुशकृमी शिरतात, हे किती वर्षे सांगितले गेले! तरी माणूस तांब्या घेऊन परसाकडे जायचा तो जातच राहिला. असे का व्हावे? याचा एक जुना उलगडा आपल्या सिंधुदुर्गातच, कणकवलीला सापडतो.

सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पा पटवर्धन (१८९४–१९७१) हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. गांधीजींच्या आत्मकथेचे मराठी भाषांतर त्यांचेच. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम मागून घेतले. वरच्या जातीच्या कैद्याला ते देता येत नाही, असे उत्तर आले. अप्पांनी उपवास मांडला. त्यांच्या पाठिंब्यासाठी ३ डिसेंबरला गांधीजींनीही येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले. या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन सरकारने दिले, तेव्हा कुठे ते सुटले.

तुम्ही म्हणाल, याचा रोगराईशी संबंध काय? सांगतो. घाण म्हणजे दुसऱ्या जातीने उचलायची वस्तू, असे जोवर मनात पक्के आहे, तोवर आपल्या घाणीची जबाबदारी आपण कशाला घेऊ? घरी संडास बांधला तर तो साफ करायला माणूस हवा. त्यापेक्षा रान बरे, असा हा हिशेब. उपदेशाने तो बदलण्यासारखा नव्हता.

१९४८ साली अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम उभा केला. तिथे मैल्यावर माती नि पालापाचोळा टाकून त्याचे खत करण्याचे प्रयोग झाले. ‘गोपुरी संडास’ हे नाव त्यातूनच पडले. या खताला मराठीत ‘सोनखत’ हा शब्द आधीपासून आहेच; अडचण होती ती किळसेची. मातीखाली घाण झाकली की वास मरतो, माशा बसत नाहीत. पुरेसा काळ मुरल्यावर हाती येते ते शेतात घालण्याजोगे खत. म्हणजे लोकांना नुसते ‘हे करू नका’ असे न सांगता अप्पांनी झेपेल अशी सोय पुढे ठेवली, तिच्यात शेतकऱ्याला फायदा दाखवला, आणि लाज मोडावी म्हणून झाडू आधी स्वतः हातात घेतला.

आजचे संशोधनही याच वाटेने चालले आहे. ओडिशात १०० गावांत एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत मोहीम चालली, तिथे संडास असलेल्या घरांचे प्रमाण शेकडा ९ वरून ६३ वर गेले. पण मुलांची हगवण काही कमी झाली नाही! संडास बांधले गेले, वापर मात्र पुरेसा झाला नाही. इंग्लंडातील सुसान मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडले, की सवय बदलायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: माणसाला ते जमले पाहिजे, तशी सोय व संधी पाहिजे, आणि मनातून इच्छा पाहिजे. यांतले एक जरी उणे पडले, तरी गाडी अडते.

२०१६ साली सिंधुदुर्ग हा महाराष्ट्रातला पहिला हागणदारीमुक्त जिल्हा म्हणून जाहीर झाला. मालवणपासून दोडामार्गापर्यंत सर्वांनाच याचा अभिमान वाटावा. पण जाहीर होणे हा एक दिवस झाला. सवय रोजची असते. खड्डा भरला म्हणजे काय करायचे, उन्हाळ्यात विहीर आटली म्हणजे पाणी कुठून आणायचे, गुडघे धरलेल्या आजीने उकिडवे बसायचे कसे, हे प्रश्न घरोघरी उभे राहतातच. तेव्हा शेजारचा कोणी पुन्हा रानाकडे वळलेला दिसला, तर त्याला नावे ठेवण्याआधी एवढे विचारा: बाबा रे, तुझी अडचण कोणती?