मेरुरज्जूची इजा : पुनर्वसन आणि उपचारशोध

मेरुरज्जूतील तुटलेले चेतातंतू आपोआप पूर्ववत जुळत नाहीत आणि जुळवणारा खात्रीचा उपाय अद्याप नाही. लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली. शय्याव्रण आटोक्यात आले आणि ज्यांची आशा सोडली होती असे सैनिक १९४८ मध्ये धनुर्विद्येच्या स्पर्धेत उतरले. १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक जिंकले. १९९५ मध्ये घोड्यावरून पडून जायबंदी झालेले अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांनी मात्र पुन्हा चालण्याचा ध्यास घेऊन संशोधनासाठी निधी उभारला. या ध्यासामुळे चाकाची खुर्ची म्हणजे पराभव असे ठरते, ही अपंग-हक्क कार्यकर्त्यांची टीका रास्तच होती. पण संशोधनाची गरज त्या टीकेने कमी होत नाही; फक्त त्याचे लक्ष्य केवळ चालणे नसावे. हाताची पकड किंवा मूत्राशयावरील ताबा परत मिळणे अनेक रुग्णांना चालण्याहून महत्त्वाचे वाटते.