धोतरा : औषधी, पण घरगुती नव्हे

धाराशिव, (प्रतिनिधी) - पावसाळा सरत आला की जिल्ह्यातील पडीक रानांत, बांधांवर आणि उकिरड्यांच्या कडेला कर्ण्याच्या आकाराची पांढरी किंवा जांभळट फुले दिसू लागतात. काटेरी, गोल फळांचे हे झुडूप म्हणजे धोतरा. जनावरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत, त्यामुळे टंचाईच्या वर्षातही ते हिरवेच राहते. महाशिवरात्रीला हेच फूल व फळ महादेवाच्या पिंडीवर वाहिले जाते. अंगणापर्यंत आलेली ही वनस्पती ओळखीची असल्यानेच तिच्याविषयीची भीती कमी झालेली दिसते.

संस्कृतात तिला धत्तूर, कनक आणि उन्मत्त अशी नावे आहेत. त्यातील शेवटचे नाव खाणाऱ्याच्या अवस्थेवरूनच पडले आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात सात उपविषांमध्ये धोतऱ्याची गणना केली आहे. उपविष म्हणजे बचनागासारख्या महाविषापेक्षा सौम्य, निर्विष नव्हे. म्हणूनच धोतऱ्याचे बी शोधन केल्याशिवाय औषधात वापरीत नाहीत. ते पोटलीत बांधून दोलायंत्रात गाईच्या दुधात शिजविणे ही त्याची एक रूढ रीत आहे. या संस्काराने बियांतील विषारी अंश घटतो, मात्र पूर्ण नाहीसा होत नाही. दमा व खोकल्यावरील कनकासव, तसेच सूतशेखर रस आणि लक्ष्मीविलास रस या परिचित औषधांत धोतरा असतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टातील विषारी द्रव्यांत त्याचा समावेश आहे. अशी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरातील ओळ फारसे कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

धोतऱ्याचे विष हायोसिन, हायोसायमिन आणि ॲट्रोपिन या अल्कलॉइडांत आहे. त्यांचे प्रमाण झाडाची जात, वय, जमीन आणि ऋतू यांनुसार बदलते. एकाच झाडाच्या पानात व बियांतही ते सारखे नसते. त्यामुळे ‘दोन पाने’ किंवा ‘चिमूटभर बी’ अशा घरगुती मापाला काहीच अर्थ उरत नाही. दम्यासाठी वाळलेल्या पानांचा धूर ओढण्याचा उपाय एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला आणि तेथे धोतऱ्याच्या जातीच्या विड्या पुढे दीर्घकाळ विकल्या गेल्या. आज त्याच कामासाठी ॲट्रोपिनपासून तयार केलेले इप्राट्रोपियम हे औषध मोजक्या मात्रेत इनहेलरमधून दिले जाते.

सर्वांत घातक गैरसमज कुत्र्याच्या चाव्याबाबत आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर धोतऱ्याचा योग सांगितलेला आहे हे खरे. परंतु रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब लस घेणे, हाच आज मार्ग आहे. झाडपाल्यात गेलेला वेळ भरून येत नाही.

बी पोटात गेल्यावर तोंड व घसा कोरडा पडतो, गिळता येत नाही, चेहरा लाल होतो, अंग तापते, नाडी जलद चालते. बाहुल्या विस्फारून उजेड सहन होत नाही. मग रुग्ण असंबद्ध बडबडतो, झोकांड्या खातो, बोटांच्या टोकांतून नसलेले दोरे ओढल्यासारखे हातवारे करतो. लघवी तुंबते. पुढे बेशुद्धी येते व श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. या भ्रमाचा चोरांनी पूर्वापार उपयोग केला आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही धोतरा खाऊ घालून दागिने लुबाडल्याचा प्रसंग आहे.

मिरचीच्या बियांशी धोतऱ्याच्या बियांची गल्लत होते. मिरचीचे बी फिकट पिवळे व तिखट. धोतऱ्याचे तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडवट. अर्थात, चव घेऊन परीक्षा करू नये. विषबाधेची शंका आल्यास रुग्णाला स्वतःहून उलटी करवू नये. झाडाचा किंवा बियांचा नमुना सोबत घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे.

याच ॲट्रोपिनचे इंजेक्शन ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची बाधा झालेल्या शेतकऱ्याचा जीव वाचविते. पण ती मात्रा डॉक्टर नाडी व श्वास पाहून ठरवितात. धोतऱ्याचा रस तिला पर्याय नाही.

सोयाबीन पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याला आणखी एक काळजी घ्यावी लागेल. युगांडात २०१९ मध्ये मदत म्हणून वाटलेल्या सोयाबीनयुक्त पिठातून सुमारे ३०० जणांना विषबाधा झाली व पाच जण दगावले. पिठात धोतऱ्यातील अल्कलॉइडे आढळली होती. पिकातील तणाचे बी मिसळले गेले, हे त्याचे कारण मानले जाते. रानात उगवलेला धोतरा फळे धरण्यापूर्वीच उपटून टाकणे सोयीचे. उपटल्यावर हात स्वच्छ धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत, कारण त्याचा चीक लागला तरी बाहुली विस्फारते आणि दिसणे अंधुक होते.