इंजिनासाठी बांधलेलं स्टेशन

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, पुढच्या वर्षी तिनं कल्याण गाठलं. मग सह्याद्री आडवा आला. पलीकडे 1858 पासून पुणे-खंडाळा गाडी सुरू झाली होती, पण मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायीच पार करायचा.

हा बोरघाट रुळांवर आणला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी. वाट शिंगरोबा धनगरानं दाखवली, असं लोक सांगतात; घाटात त्याचं देऊळ आहे. काम 1856 मध्ये सुरू झालं. मजुरी थकल्यामुळे जानेवारी 1859 मध्ये दंगल उसळली, फॅविएल या ठेकेदारानं अंग काढून घेतलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथं येऊन काही आठवड्यांतच वारला. ठेका पुढे चालवला त्याच्या पत्नीनं, ॲलिसनं. पटकी-तापानं दगावलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुठल्या दगडावर नाहीत.

खंडाळ्याखाली एका सोंडेवर गाडी वळवायला जागाच नव्हती. तिथं बर्कले यांनी रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. ना गाव, ना बाजार. चढून आलेली गाडी कड्याच्या टोकाशी थांबे, इंजिन सुटून मागच्या बाजूला जोडलं जाई आणि शेवटचा डबा पहिला होऊन गाडी उलट दिशेनं वर निघे. बाकीची स्टेशनं माणसांच्या सोयीसाठी असतात, हे इंजिनाच्या सोयीसाठी होतं. 1863 पासून मुंबई-पुणे प्रवास असा एकसलग झाला.

सोय होती, तशी धास्तीही होती. 1869 मध्ये उतरणीवर ब्रेक निकामी झालेली एक गाडी इथं थांबलीच नाही, स्टेशनचं टोक ओलांडून गेली. शिवाय दर खेपेला वेळ मोडे, आणि तिथल्या रुळांवर मावेल तेवढीच लांब गाडी नेता येई. विजेची इंजिनं येऊ घातली, तशी रेल्वेनं नवे बोगदे खोदून मार्गच बदलला. 1929 मध्ये हे स्टेशन बंद पडलं. 1 जून 1930 ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनच्या नशिबी ही उलटापालट आलीच नाही.

2020 मध्ये पाडलेल्या अमृतांजन पुलाच्या परिसरात, मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या कोंडीत अडकलं की जुन्या मार्गाची दगडी कमान दिसायची. मार्ग बदलला, चढ मात्र राहिला: 37 फुटांना 1 फूट. म्हणून घाटाच्या पायथ्याशी, कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं अजूनही लागतात.