मीटर शून्य दाखवत होता, चिप चालू होती

तुम्ही हा भाग ज्या फोनवर ऐकताय, त्याचा प्रोसेसर जवळपास नक्कीच आर्म घराण्यातला आहे. बॅटरी दिवसभर पुरते त्यात या घराण्याचा मोठा वाटा. आज त्याच्या मूळपुरुषाची गोष्ट.

साल १९८३. इंग्लंडमधलं केंब्रिज. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर तिथल्या शाळाशाळांत पोचला होता. पुढच्या मशीनसाठी दमदार प्रोसेसर हवा होता, पण बाजारातला एकही पसंत पडेना. तेवढ्यात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे ‘रिस्क’वरचे पेपर हाती आले. कल्पना साधी: प्रोसेसरला गुंतागुंतीच्या ढीगभर आज्ञा शिकवू नका. मोजक्या, सोप्या आज्ञा द्या, आणि त्या झटपट करून घ्या. आज्ञा सोप्या म्हणजे सर्किट लहान, आणि सर्किट लहान म्हणजे वीज कमी.

सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोन इंजिनियर अमेरिकेत एक चिप डिझाइन कंपनी बघायला गेले. वाटलं होतं, मोठा कारखाना असेल. निघाला साधा बंगला, आणि कामाला कॉलेजची पोरं! यांना जमतंय तर आपल्यालाही जमेल, असं म्हणून दोघं परतले. सोफीने आज्ञासंच रचला, स्टीव्हने चिपची रचना केली.

२६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप आली आणि लगेच चाललीही. ट्रान्झिस्टर फक्त २५ हजारांच्या आसपास. त्याच वर्षी आलेल्या इंटेलच्या ३८६ मध्ये होते पावणेतीन लाख!

आता गंमत ऐका. फर्बरने वीज मोजायला मीटर लावला, तर आकडा शून्य. बघतो तर काय, बोर्डावरून चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! शेजारच्या सर्किटमधून सिग्नलच्या तारांवाटे जी थोडी वीज झिरपत होती, तिच्यावर ती चालली होती.

हे दूरदृष्टीमुळे झालं का? मला नाही वाटत. चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती. जास्त तापली असती तर महाग सिरॅमिक लागलं असतं, म्हणून मर्यादा ठरली एक वॉट. त्यात टीम छोटी, पैसा बेताचा. मोबाईल कुणाच्या डोक्यातही नव्हता.

पुढे १९९० मध्ये अ‍ॅपल, एकॉर्न आणि व्हीएलएसआय यांनी मिळून आर्म ही वेगळी कंपनी काढली. इंजिनियर अवघे बारा. अ‍ॅपलचा न्यूटन फारसा चालला नाही, पण आर्मने स्वतः चिप न बनवता डिझाइनचं लायसन्स विकलं. सोप्या आज्ञांमुळे प्रोग्रॅम लांबत, मेमरी जास्त लागे. त्यावर ‘थम्ब’ नावाच्या अर्ध्या लांबीच्या आज्ञा आल्या, आणि नोकिया ६११० सारख्या फोनमध्ये आर्म शिरला.

नुसतं रिस्क म्हणजे बॅटरीची बचत, असं नाही हं. चिप कशी बनते, सॉफ्टवेअर कसं लिहिलंय, यावरही खूप ठरतं. रोज कोड लिहिताना मला म्हणूनच ही गोष्ट आठवते: काय घालायचं यापेक्षा काय वगळायचं, हे ठरवणं अवघड.

भेटू पुढच्या भागात!